माळवद, कौल आणि पत्रा : बार्शी परिसरातील छपरांच्या निवडीचा इतिहास

बार्शी तालुक्यातील एखाद्या जुन्या गावाकडे उंचवट्यावरून पाहिले असता पूर्वी घरे वेगवेगळी अशी दिसतच नसत. दिसे तो मातीचा एक सलग, पायरीपायरीने चढत गेलेला पृष्ठभाग आणि त्यात मधूनमधून उजेडासाठी व धुरासाठी ठेवलेली साणी. याच मातीच्या सपाट छपराला सोलापूर जिल्ह्यात व मराठवाड्यात ‘माळवद’ म्हणतात. खानदेश, वऱ्हाड व नगर या भागांत त्यालाच ‘धाबे’ हा शब्द आहे. कन्नडमध्ये गच्चीस किंवा वरच्या मजल्यास ‘माळिगे’ म्हणतात, आणि बार्शीपासून कन्नडभाषी मुलूख फारसा दूर नसल्यामुळे या दोन शब्दांतील साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणात, असे छप्पर कोठेही आढळत नाही. तेथे उतरत्या छपरावाचून घराची कल्पनाच करता येत नाही. एकाच भाषेच्या दोन प्रदेशांत घराचे मस्तक इतके भिन्न का झाले, आणि बाहेरून आलेल्या नव्या सामग्रीने या भेदाचे पुढे काय केले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

पाऊस हे या भेदाचे पहिले कारण कोणालाही सुचेल, आणि ते खरेच आहे. बार्शीस वर्षाकाठी साधारणतः सहा-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. रत्नागिरीस तो तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. परंतु पावसाचे मान एवढ्यावरच प्रश्न संपत नाही. सपाट छप्पर सहाशे मिलिमीटर पावसातही गळतेच, जर ते योग्य मातीचे नसेल तर. माळवदाचे मर्म त्या मातीत आहे.

माळवदाची रचना थोडक्यात अशी. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सरे, सऱ्यांवर फळ्या किंवा फोडलेल्या लाकडाच्या किलच्या, त्यांवर लिंबाचा पाला, तुराट्या किंवा पाचट, आणि त्यावर मातीचे थर. चार खांबांमधील जागेस ‘खण’ म्हणतात व घराचे मोजमाप खणांवरूनच होई. लिंबाचा पाला वाळवी दूर ठेवण्यासाठी घालीत. वरची माती मात्र कोणतीही चालत नसे. शेतातील काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की तिला भेगा पडतात; तिचे छप्पर एका उन्हाळ्यातच चाळणी होईल. म्हणून माती घ्यावयाची ती पांढरीची. ‘काळी’ म्हणजे शेत आणि ‘पांढरी’ म्हणजे गावठाण, ही गावगाड्यातील जुनी विभागणी सर्वपरिचित आहे. शतकानुशतके पडलेल्या घरांच्या भिंती, राख, शेणकूट व उकिरडे यांतून झालेली ती फिकट, खारट माती पुन्हा नव्या घराच्या भिंतीत व माथ्यावर चढत असे. जेथे पांढरी कमी पडे तेथे ओढ्याकाठची चोपण माती आणीत.

खारट माती पाणी अडविते, हे जुन्या कारागिरास अनुभवाने ठाऊक होते. त्याचे कारण मृदाशास्त्राने पुढे स्पष्ट केले. मातीत सोडियमचे प्रमाण वाढले म्हणजे चिकणमातीचे सूक्ष्म कण पाण्यात एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि मातीतील बारीक छिद्रे बुजवून टाकतात. शेतीच्या दृष्टीने चोपण जमीन हा शाप आहे, कारण तीत पाणी मुरत नाही. छपराच्या दृष्टीने तोच तिचा गुण ठरतो. पण या गुणास एक दोष जोडलेला आहे. असे सुटे झालेले कण वाहत्या पाण्याबरोबर फार लवकर धुपून जातात. यासाठी माळवदाचा उतार अगदी बेताचा, पाणी पन्हळीकडे हळूहळू सरकेल इतकाच ठेवावा लागतो. तरीही दर पावसाळ्यात थोडी माती जाते आणि दर उन्हाळ्याच्या अखेरीस नवी घालून चोपावी लागते. कोकणातील मुसळधार पावसात असे छप्पर पहिल्याच नक्षत्रात अंगणात येऊन पडेल, हे सांगावयास नको.

दुसरे कारण चाऱ्याचे. गवताने किंवा कडब्याने घर शाकारणे बार्शीकडे अशक्य नव्हते, पण ज्या मुलखाने १८७६-७७, १८९६-९७ व १८९९-१९०० असे दुष्काळ पाहिले, तेथे कडबा हे बैलाचे अन्न होते. ते डोक्यावर पसरून ठेवणे परवडणारे नव्हते. ज्यांना काहीच साधत नसे त्यांच्या झोपड्याच तेवढ्या गवताच्या असत. शिवाय ऊन. चैत्र-वैशाखात चाळीस अंशांच्या वर जाणारा पारा एक हात जाडीच्या मातीतून आत उतरण्यास आठ-दहा तास लागतात, आणि तोवर बाहेर रात्र झालेली असते. त्या रात्री घरातील माणसे माळवदावरच निजत; दिवसा तेथे धान्य, मिरच्या, कुरडया वाळत. म्हणजे छप्पर हे येथे घरावरचे झाकण नसून घराचा एक मजलाच होता.

कोकणात पाणी शक्य तितक्या त्वरेने माथ्यावरून खाली लोटणे एवढेच छपराचे काम. भाताचा पेंढा, गवत, माडाच्या चुडतांचे विणलेले झाप आणि कुंभाराच्या चाकावर केलेली नळीची कौले ही तेथील जुनी सामग्री. यांपैकी एकही टिकाऊ नव्हती आणि कोणी तशी अपेक्षाही करीत नसे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे हा शेतीच्या कामांइतकाच ठरलेला कार्यक्रम होता. टिकाऊपणाची कल्पनाच तेथे वेगळी होती: वस्तू टिकत नसे, तिची दुरुस्ती टिकत असे. माळवदावर दर वर्षी माती घालणाऱ्या बार्शीच्या शेतकऱ्याचे त्याहून वेगळे काय होते, असा प्रश्न येथे संभवतो. वेगळेपण होते ते एवढेच की, कोकणी मनुष्य जुना पेंढा काढून नवा घाली. बार्शीकर जुनी माती तशीच ठेवून तीवर नवी घाली. या क्षुल्लक भासणाऱ्या फरकाचे मोल पुढे फार जड पडले.

देशावर कौले कधी नव्हतीच असा समज मात्र होऊ नये. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये आणि नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननांत सातवाहनकालीन थरांत भाजलेल्या मातीची सपाट कौले मिळाली. त्यांना खिळ्यांसाठी छिद्रे व एकमेकांत बसण्यासाठी खोबणी आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावरील नगरांतून उतरत्या, कौलारू छपरांची घरे उभी होती. बार्शीच्या पूर्वेस पन्नास किलोमीटरांच्या आत असलेले तेर, प्राचीन तगर, हे तर त्या काळचे प्रसिद्ध व्यापारी नगर. तेथील त्रिविक्रम मंदिराचे विटांचे गजपृष्ठाकार छत आजही उभे आहे आणि लाकडी कमानीच्या छपराचा आकार विटेत कसा उतरविला गेला याची साक्ष देते. ही कौलांची परंपरा पठारावरून का मावळली याचा निर्णय करणे कठीण आहे. कौल भाजण्यास लाकूड लागते, उतरत्या छपरास लांब व सरळ वासे लागतात. जंगल हटत गेले तसतसे बाभूळ-लिंबाच्या वेड्यावाकड्या लाकडावर भागणारे माळवदच परवडू लागले असावे, हा तर्क संभवनीय दिसतो. मंदिरांचा मार्ग वेगळा होता. बार्शीचे भगवंत मंदिर, जे परंपरेने इ. स. १२४५ चे मानले जाते, ते दगडी बांधणीचे आहे. सधनांच्या वाड्यांवरही चुनखडीच्या घाणीच्या चुन्याचा कोबा असे. पण हा खर्च सामान्यांच्या आवाक्यातला नव्हता.

कौलाचे पुनरागमन समुद्रमार्गे झाले. बाझल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट याने १८६५ मध्ये मंगळूरजवळ जेप्पू येथे नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाची कल्पना मूळ फ्रान्समधील जिलार्दोनी बंधूंची, १८४१ ची. नळीच्या कौलापेक्षा हे कौल हलके बसे, कमी लागे व वाऱ्यात सरकत नसे. माकडांच्या उड्यांनाही ते बरेच पुरून उरे, आणि कोकणात ही गोष्ट गौण नव्हे. भाजलेल्या मातीस खाऱ्या हवेचे भय नाही. नदीकाठची चिकणमाती, घाटातील जळण आणि दारातील बंदर या तीन गोष्टींमुळे मंगळुरी कौल पश्चिम किनाऱ्याने मुंबईपर्यंत, आणि पलीकडे एडनपर्यंत, गलबतांतून पोहोचले.

बार्शीस ते तितक्या सहजतेने का पोहोचले नाही, हे साध्या हिशेबाने कळते. एक कौल सुमारे अडीच किलोचे. चौरस मीटरला अशी पंधराच्या आसपास लागतात. पन्नास चौरस मीटरांच्या लहानशा घरास साडेसातशे कौले, म्हणजे जवळजवळ दोन टन वजन, आणि तेही फुटणारे. गलबतास हे ओझे म्हणजे काहीच नाही. बैलगाडीस ते दोन-तीन खेपांचे काम. तेवढ्याच घरास पन्हळीचा पत्रा मात्र तीनशे किलोंच्या आसपास पुरतो. तो फुटत नाही, आणि एका गाडीत येतो.

येथे रेल्वेचा संबंध येतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी १८६० मध्ये सोलापुरास पोहोचली, पण ती बार्शीस टाळून गेली. कापूस व गळिताची धान्ये यांच्या व्यापाराने संपन्न झालेली ही बाजारपेठ बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, या स्थानकाशी गाडीरस्त्यानेच जोडलेली होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने काढलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. अडीच फूट रुंदीचा रूळमार्ग आणि आसामागे पाच टनांहून अधिक भार न येऊ देण्याचे तत्त्व ही तिची वैशिष्ट्ये. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास व १९२७ मध्ये मिरजेस गेली. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारने घेतली, आणि आज त्या मार्गावर रुंद रूळ आहेत. कापूस बाहेर नेणाऱ्या त्या गाडीच्या परतीच्या वाघिणींना भार हवाच होता. सागवान, लोखंड आणि पत्रा यांना देशाच्या या कोपऱ्यात येण्यास आता स्वस्त मार्ग मिळाला.

पन्हळी लोखंडी पत्र्याचे एकस्व इंग्लंडात हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये घेतले. लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याची सोरेलची फ्रेंच कृती १८३७ ची. या दोहोंच्या संयोगातून जे निघाले ते हलके, झटपट बसणारे व कोणत्याही कारागिरावाचून चढविता येणारे छप्पर होते. गोदामे, जिनिंगचे कारखाने, गिरण्यांच्या चाळी यांना ते सोयीचे वाटले यात नवल नाही. पण याच पत्र्याचे दोन हवामानांत होणारे वर्तन अगदी भिन्न आहे. कोरड्या हवेत जस्ताच्या पृष्ठावर कर्बाम्लवायू व थोडा ओलावा यांच्या योगाने एक पातळ, न विरघळणारे कवच तयार होते आणि ते खालच्या धातूस जपते. समुद्रकाठच्या हवेतील मिठाचे कण ओलसर पत्र्यावर बसले म्हणजे हे कवच टिकत नाही. जस्त विरघळत जाते, मग लोखंड उघडे पडते, आणि गंज प्रथम खिळ्यांच्या भोकांभोवती व जेथे पत्र्यावर पत्रा चढतो तेथे, म्हणजे डोळ्यांआड, धरू लागतो. बार्शीत एका पिढीस पुरणारा पत्रा वेंगुर्ल्याच्या किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर त्या मानाने फार लवकर जातो. मीठ ही वस्तू एकच. पांढरीच्या मातीत ती छप्पर राखते, किनाऱ्यावर ती छप्पर खाते.

बार्शीत पत्र्यास गंजाचे भय कमी होते, पण उन्हाचा इलाज त्याच्याकडे नव्हता. वैशाखातल्या दुपारी पत्र्याखाली बसणे किती दुःसह असते, हे तेथील रहिवाशास समजावून सांगावे लागत नाही. म्हणून कितीतरी काळ गावांतून पत्रा आला तो गोठ्यावर, पडवीवर, दुकानाच्या पुढल्या छपरीवर; राहती खोली माळवदाखालीच राहिली. लुडविग हाचेक या ऑस्ट्रियन कारखानदाराच्या १९०१ च्या एकस्वातून निघालेला ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा या दोन्ही दोषांवर तोड म्हणून पुढे आला. तो गंजत नव्हता व तापतही कमी होता. किनाऱ्यावर त्याचा प्रसार झाला तो यामुळेच. त्यातील तंतू फुप्फुसांत जाऊन प्राणघातक रोग उत्पन्न करतात, हे सिद्ध होण्यास अर्धे शतक लोटावे लागले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने या उद्योगातील कामगारांच्या रक्षणासाठी १९९५ मध्ये आदेश दिले. जुना पत्रा कापताना, फोडताना उडणारी धूळ ही आजही किनाऱ्यावरच्या घरांतील एक खरी आपत्ती आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असताना बार्शीच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, किल्लारी येथे, भूकंप झाला. त्याची तीव्रता सहा अंशांहून थोडी अधिक, म्हणजे जगाच्या हिशेबाने मध्यम होती. आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. लातूर व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) या जिल्ह्यांतील बावन्न गावे अन्यत्र नव्याने वसवावी लागली. पठाराचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानला जात होता. घर बांधताना त्या संकटाचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, आणि विसर्जनानंतर माणसे घरांत निजली होती.

ती घरे बार्शीकडील घरांच्याच जातीची होती. भिंती दोन-अडीच हात जाड. आतबाहेर गोलसर दगडांच्या दोन फळ्या, मध्ये चिपा व माती, आणि दोन्ही फळ्यांना जोडणारे आरपार दगड नाहीतच. वर माळवद. एक हात जाडीच्या मातीच्या थराचे वजन चौरस मीटरला सव्वापाचशे ते पाऊणआठशे किलो भरते. तीन मीटर लांबीरुंदीच्या लहानशा खोलीवर पाच ते सात टन. कित्येक घरांवर पिढ्यान्‌पिढ्या दर साल घातलेल्या मातीने हे थर दोन हातांच्या जवळ गेले होते. आजोबाने घातलेली माती बापाने काढली नाही, बापाने घातलेली मुलाने काढली नाही. प्रत्येकाने आपल्या वर्षाची गळती तेवढी थांबविली. भार वाढला तो असा, कोणाच्या लक्षात न येता. धरणी हलली तेव्हा भिंतींच्या दोन फळ्या अलग होऊन ढासळल्या आणि हे ओझे निजलेल्यांवर आले. मातीने नाकातोंड बुजून गुदमरलेल्यांची संख्याही मोठी होती.

तरीही माळवदास सरसकट दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही. जेथे खणांचे लाकूड दणकट होते, खांब भिंतीत पुरलेले नसून स्वतंत्र उभे होते व सांधे पक्के होते, तेथे भिंती बाहेरच्या बाजूस कोसळूनही छप्पर खांबांवर तसेच उभे राहिल्याची उदाहरणे तज्ज्ञांनी नोंदविली आहेत. जुन्या सुताराच्या रचनेत भार लाकडाने पेलावा व भिंतीने केवळ आडोसा द्यावा, असा विवेक होता. चांगले लाकूड दुर्मिळ झाले तसे खांब वगळून तुळया सरळ दगडमातीच्या भिंतीवर टेकविण्याची रीत पडली, आणि तेथे तो विवेक सुटला. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला, त्यात उभ्या राहिलेल्या घरांसाठी सांगितलेले उपाय याच गोष्टीची कबुली देतात: माळवदावरील जास्तीची माती उतरवावी, खांब व तुळई यांत तिरके आधार द्यावेत, भिंतीत आरपार बंध घालावेत. लोकांच्या मनातून मात्र दगड आणि माती दोन्ही उतरली. कितीतरी कुटुंबांनी पुढची अनेक वर्षे पक्क्या घरापेक्षा पत्र्याच्या शेडमध्ये निजणे पसंत केले. उन्हाने भाजले तरी चालेल, पण वर ओझे नको, ही ती भावना होती.

ओझे नसणे म्हणजे सुरक्षितता, हा धडा किनाऱ्यावर लागू पडत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ किनाऱ्यास लागले. ताशी शंभर किलोमीटरांवरील त्या वाऱ्याने प्रथम नेले ते पत्रे. कौलेही हजारोंनी उडाली. वारा उतरत्या छपरास वरून दाबतो त्यापेक्षा त्याची मागली बाजू वर ओढतो अधिक, आणि पाच-सहा किलो वजनाचा चौरस मीटर पत्रा त्या ओढीस केवळ आपल्या आकड्यांच्या बळावर तोंड देतो. आकडे गंजलेले असले, आणि किनाऱ्यावर ते गंजतातच, तर पत्रा जाड आहे की पातळ हा प्रश्न गौण ठरतो. किनाऱ्यावरील छपराची निवड करताना सामग्रीइतकाच, किंबहुना अधिक, विचार तिला धरून ठेवणाऱ्या खिळ्यास्क्रूंचा केला पाहिजे, ही गोष्ट या वादळाने पुन्हा दाखविली.

आज दोन्ही प्रदेशांत शेवटचा शब्द सळई-सिमेंटच्या स्लॅबने उच्चारला आहे असे वरवर दिसते. बार्शीच्या दृष्टीने हा बदल सोपा होता, कारण स्लॅब हे आकाराने माळवदच आहे: सपाट, चालण्याजोगे, वाळवणाच्या उपयोगाचे. तो तापतो अधिक, पण भार माळवदापेक्षा कमी व चौकटीत बांधलेला. कोकणात त्याच स्लॅबची गत निराळी झाली. सळईस गंज चढला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो व वरचे सिमेंट फोडून काढतो. समुद्रावरील खारी हवा सिमेंटच्या सूक्ष्म छिद्रांतून सळईपर्यंत पोहोचण्याचीच वाट पाहत असते. भारतीय मानक संस्थेच्या ४५६ क्रमांकाच्या संहितेत (२००० ची आवृत्ती) यासाठी स्थळानुसार आच्छादन ठरवून दिले आहे. बार्शीसारख्या ठिकाणी सळईवर वीस ते तीस मिलिमीटर काँक्रीट पुरेसे मानले जाते. किनाऱ्याच्या हवेत पंचेचाळीस, आणि लाटांचे तुषार येतात तेथे पन्नास. मिश्रणही त्या मानाने अधिक दाट हवे. हा दोन-अडीच सेंटिमीटरांचा फरक गवंड्याच्या हातून सुटला, तर वीस वर्षांत खालून पोपडे पडू लागतात.

म्हणूनच रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत स्लॅब घातलेल्या घरावर पुन्हा लोखंडी सांगाडा उभारून पन्हळी पत्र्याचे उतरते छप्पर चढविलेले सर्रास दिसते. बार्शीकडून जाणाऱ्यास हा दुहेरी खर्च चमत्कारिक वाटतो. कोकणात तो पावसाळ्याचा साधा हिशेब आहे. बार्शीत गच्ची उघडीच असते. उन्हाळ्यात तीवर चुन्याचा पांढरा हात दिला जातो, चैत्रात कुरडया पडतात, आणि जुन्या पेठांतील ज्या थोड्या घरांवर माळवद शिल्लक आहे तेथे पांढरीच्या मातीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून कडेला दगड ठेवलेले आढळतात.